चौथ्या आकड्यात सापडलेलं विश्व

विश्वात पदार्थ कुठून आला, हा प्रश्न मी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी सोडवला होता. पुरते पाच महिने तो सुटलेला होता. त्या पाच महिन्यांत मी ज्या ऐटीत चालत असे, ती पाहिलेली माणसं आता फार उरली नाहीत, हे एक बरं आहे. बायको मात्र आहे, आणि तिची स्मरणशक्ती चांगली आहे.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. आमचा जिल्हा तेव्हा अकोला होता, वाशीम म्हणजे तहसिलीचं गाव. किन्हीराजापासून पायी तासाभरावरच्या एका गावात मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. धनजच्या आमच्या वस्तीतून एमएस्सी झालेला मी पहिला. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात वर्षाच्या बोलीवर सालदारकी केली होती. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नागपूरहून परत आल्यावर त्यांनी घरातल्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: आता देव्हारा नाही, आणि हा पोरगा शाळेत जाईल. मी शाळेत गेलो तो थेट पदार्थविज्ञानाच्या एमएस्सीपर्यंत. आणि तिथून मी या गावात आलो, सातवीला 'पाण्याचे गुणधर्म' शिकवायला.

आपण इथे वाया जातोय, असं मला रोज वाटे. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं. त्यात तीन परीक्षानळ्या, एक तुटका लोलक, आणि कुणीतरी कधीतरी आणून ठेवलेला बाटलीतला विंचू. मी त्या कपाटासमोर उभा राहून उसासे टाकत असे. उसासे ऐकायला कुणी नसलं की टाकत नसे, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

नागपूरला शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी इंग्रजी मासिकातले दोन लेख वाचले होते आणि ते डोक्यातून जात नव्हते. पहिल्यात असं होतं की विश्व अगदी तरुण आणि भयंकर तापलेलं असताना द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारख्याच प्रमाणात तयार झालं असलं पाहिजे. प्रतिद्रव्य म्हणजे द्रव्याचं उलट रूप. दोघं भेटले की दोघंही नाहीसे होतात आणि फक्त प्रकाश उरतो. मग सगळंच संपायला हवं होतं. पण अब्जात एखादा कण द्रव्याचा जास्त राहिला, आणि त्या उरलेल्यातून तारे झाले, पृथ्वी झाली, कापूस झाला, आमचे हेडसर झाले. तो एखादा कण जास्त का राहिला, ते कुणाला माहीत नव्हतं. दुसरा लेख दीर्घिकांबद्दल होता. दीर्घिकेच्या कडेचे तारे इतक्या वेगानं फिरतात की दिसणाऱ्या पदार्थाच्या ओढीनं ते धरून ठेवणं शक्यच नाही. म्हणजे न दिसणारं काहीतरी तिथे आहे, त्याला वजन आहे पण उजेड नाही. तेव्हा त्याला हरवलेलं वस्तुमान म्हणत. आता वर्तमानपत्रंसुद्धा डार्क मॅटर म्हणतात.

माझ्या मनात आलं की हे दोन प्रश्न नसून एकच आहे. सुरुवातीला थोडं प्रतिद्रव्य त्या न दिसणाऱ्या रूपात जाऊन लपलं असेल. तेवढ्या द्रव्याला मग संपवणारा जोडीदार उरला नाही, म्हणून ते वाचलं. दिसणारं आणि न दिसणारं, दोन्ही एकाच पोटची. हा विचार मला वर्गात, फळ्याकडे तोंड असताना सुचला. मी खडू खाली ठेवला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मुलांना वाटलं मला चक्कर आली. मॉनिटर पाणी घेऊन आला. मी ते पाणी एखाद्या शास्त्रज्ञाला शोभेल अशा रीतीनं प्यालो.

त्यानंतर दोन महिने मी गणितं करत होतो. शाळा सुटली की घरी येऊन स्टुलावर कागद मांडायचे. बायको इंझोरीची, सातवी शिकलेली, गावातली बालवाडी चालवायची. घरी आली की ती माझ्या कागदांकडे बघून विचारायची की आज किती झालं. जणू मी निंदणीची पात धरली होती.

हिशेबाला माझ्याकडे साधन एकच, लॉग टेबल. आजच्या वाचकांसाठी सांगतो, हे कोष्टकांचं पातळसं पुस्तक असे. मोठमोठे गुणाकार-भागाकार त्यात बघून बेरीज-वजाबाकीनं करता येत. मात्र ते चार आकड्यांपर्यंतच उत्तर देई. पुढचं जवळपासचं धरायचं. मी एका बाजूला द्रव्य मांडलं, दुसऱ्या बाजूला प्रतिद्रव्य, दोन्ही सारखं. न दिसणाऱ्या रूपात जाण्याचा नियमही दोघांना सारखाच ठेवला. फक्त प्रतिद्रव्य हे उलट रूप, म्हणून त्याच्या बाजूची आकडेमोड मी उलट क्रमानं केली. इकडे आधी गुणाकार आणि मग भागाकार, तिकडे आधी भागाकार आणि मग गुणाकार. शेवटी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली, तर चौथ्या आकड्यात फरक. द्रव्य किंचित जास्त.

मी बायकोला हाक मारली. ती चुलीपुढून उठून आली. मी तिला तो आकडा दाखवला आणि सांगितलं की तू, मी, हे घर, ही चूल, सगळं या एवढ्याशा फरकातून आलं आहे. तिनं आकड्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं की भाजी जळाल्याचा वास येऊन राह्यला तो पण यातूनच आला काय. मी तिला माफ केलं. मोठ्या माणसांच्या बायकांचं असंच असतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

अकरा पानांचा निबंध तयार झाला. तो मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेतल्या प्राध्यापकांना पाठवायचा ठरवला. पण त्याआधी कुणीतरी तो वाचून थक्क व्हावं अशी माझी इच्छा होती. हेडसर संस्कृतचे. ते थक्क होणार हे नक्की होतं, पण त्यात मजा नव्हती. उरले गणिताचे सर.

हे माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, जुने बीएस्सी. गावातल्याच कुणबी शेतकऱ्याच्या घरचे. पहाटे शेतात जायचे, तिथून आंघोळ करून शाळेत. धोतराऐवजी पँट घातलेला शेतकरी, असं मी मनात त्यांना म्हणत असे. त्यांच्या चपलांना नेहमी काळी माती असायची आणि ते फार कमी बोलत. माझ्या दृष्टीनं ही दोन्ही कमी बुद्धीची लक्षणं होती.

मी त्यांना कागद दिले तेव्हा सवडीनं बघा, समजलं नाही तर विचारा, असंही सांगितलं. त्यांनी आठवडाभर कागद ठेवून घेतले आणि परत देताना एवढंच म्हणाले की सातव्या पानावर एक खूण केली आहे. मी घरी येऊन पाहिलं. समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात एक ओळ होती: 'गुणिले आणि भागिले मागे-पुढे केल्याने उत्तर बदलते काय?'

तिसरीच्या मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट. मला राग आला. मी विश्वाच्या जन्माबद्दल लिहिलं आणि या माणसाला गुणिले-भागिले दिसलं. मी रबर घेऊन ती ओळ खोडायला बसलो. बायकोनं विचारलं, काय खोडून राह्यले. मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्यायचं खरं असलं तर?"

त्यावर मी जे बोललो ते लिहायला जड जातं, पण लिहितो. मी म्हणालो की आपला माणूस वर गेलेला त्यांना बघवत नाही. हे वाक्य आमच्या घरात खोटं नव्हतं. बाबांच्या बाबतीत, माझ्याही बाबतीत, शाळा-कॉलेजात ते अनेकदा खरं ठरलं होतं. म्हणूनच ते इतक्या सहज जिभेवर आलं आणि म्हणूनच बायको पुन्हा चुलीकडे वळली. पण या एका माणसाबद्दल ते खरं नव्हतं, आणि ते बोलतानाच मला ठाऊक होतं. खऱ्या दुःखाची ढाल करून मी एका गुणाकारापासून स्वतःला वाचवत होतो.

निबंध वाशीमला एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये टाइप करून घेतला. टायपिस्टनं मन लावून काम केलं, फक्त जिथे जिथे 'युनिव्हर्स' होतं तिथे सवयीनं 'युनिव्हर्सिटी' टाइप केलं. त्यामुळे माझा निबंध विद्यापीठाच्या उत्पत्तीबद्दलचा झाला. मी पेनानं नऊ ठिकाणी दुरुस्ती केली. दहावी जागा राहून गेली, ती मला नंतर कार्बन कॉपीत सापडली. सुरुवातीला विद्यापीठ अत्यंत तापलेले व दाट होते, असं त्या वाक्यात म्हटलं होतं.

मग वाट पाहणं. तीन महिने गेले. त्या काळात मी दाढी वाढवली.

उत्तर आलं ते दुपारच्या सुटीच्या आधी. पोस्टमन पाकीट घेऊन थेट शिक्षकांच्या खोलीत आला, आणि मुंबईच्या मोठ्या संस्थेचं टायपाचं पाकीट आहे हे त्यानं सगळ्यांना सांगितलं. वाटेत पानठेल्यावर आणि ग्रामपंचायतीतही तो ते सांगून आला होता, हे मला नंतर कळलं. मी पाकीट घेऊन शाळेमागच्या विहिरीजवळ गेलो.

पत्र दीड पानाचं होतं. प्राध्यापकांनी आभार मानले होते. सामान्य द्रव्य आणि हे न दिसणारं द्रव्य यांचं मूळ एक असेल काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि त्याचं उत्तर सध्या कुणाकडे नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे 'अनफॉर्च्युनेटली' होतं. सातव्या पानावरची शिल्लक ही निसर्गातली नसून लॉग टेबलातली आहे. मधल्या पायऱ्यांना चौथ्या आकड्याशी तोडल्यामुळे ती आली. तीच आकडेमोड पूर्ण आकड्यांनी केली तर दोन्ही बाजूंची उत्तरं तंतोतंत सारखी येतात, फरक शून्य. म्हणजे तुमच्या सिद्धांताप्रमाणे विश्वात काहीच उरत नाही, हे पत्र लिहिणारा मीदेखील नाही. शिल्लक हवी असेल तर निसर्गाचा नियमच दोन्ही बाजूंना किंचित वेगळा असावा लागतो. काही कणांत असा बारीकसा फरक प्रयोगांत दिसलाही आहे, पण तो एवढ्या कामाला पुरेल असं दिसत नाही. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की पुन्हा करून पाहा आणि कळवा.

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला पेन्सिलीची ती ओळ तिच्या अक्षरासकट दिसली. मी ती खोडली होती तरी.

खोलीत परत आलो तर सगळे उभे. हेडसरांनी विचारलं, काय म्हणते मुंबई. मी म्हणालो, "त्यांना विषय आवडला." इतकंच. हे खोटं नव्हतं, आणि तेवढ्यावर थांबलो तर खोटं बोलल्याचं पाप लागणार नाही असा माझा हिशेब होता. हिशेबाच्या बाबतीत मी तोवर काहीच शिकलो नव्हतो.

हेडसरांनी शनिवारी माझा सत्कार ठरवला. सरपंच, शाल, नारळ, आणि शाळेच्या पटांगणात मंडप. मी नको म्हणालो, पण ते असं म्हणालो की विनय वाटावा. त्यांनी माझ्या बाबांना निरोपही पाठवून दिला. शनिवारी बाबा पांढरं स्वच्छ धोतर नेसून, कारंज्याहून एसटीनं फाट्यावर उतरून, तिथून चालत आले. हेडसरांनी त्यांना पहिल्या रांगेत सरपंचांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. बाबा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. आयुष्यात त्यांना गावच्या पुढाऱ्याशेजारी कुणी असं बसवलं नव्हतं. ते बघून खरं सांगणं आणखीच अशक्य झालं.

भाषणं झाली. हेडसरांनी ब्रह्मांड, अणू आणि रेणू यांबद्दल पाऊण तास सांगितलं. मग ते म्हणाले की मुंबईचं पत्र सरांनी स्वतः वाचून दाखवावं. मी उभा राहिलो, घडी उघडली आणि पत्र इंग्रजीत वाचायला लागलो. सुरुवातीचं एक वाक्य वाचून थांबणार होतो, पण तेवढं फार थोडं वाटलं असतं. म्हणून सगळंच वाचलं. समोर इंग्रजी कळणारं कुणी नव्हतं; इंग्रजीच्या शिक्षकांची जागा वर्षभर रिकामी होती आणि हेडसरांचं इंग्रजी रजेच्या अर्जापुरतं. मी 'अनफॉर्च्युनेटली' हा शब्द इतक्या भरदार आवाजात म्हटला की सरपंचांनी टाळी वाजवली, आणि मागून सगळ्या पटांगणानं वाजवली. माझा सिद्धांत चुकला असल्याचं वाक्य संपलं तेव्हा हेडसरांनी हार घातला.

इंग्रजी कळणारं कुणी नव्हतं हे पूर्ण खरं नाही. गणिताचे सर तिसऱ्या रांगेत होते. ते हसले नाहीत, कुणाच्या कानाला लागले नाहीत. शेवटपर्यंत मान खाली घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले. मराठीत सार सांगताना मी म्हणालो की प्राध्यापकांनी संशोधन पुढे चालू ठेवण्याचा आग्रह केला आहे. तेव्हा त्यांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. माणसं पांगताना ते माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "पत्र चांगलं हाये, सर. पुरं वाचलं तुमी, हे बरं केलं."

बाबांची एसटी पाचची होती. त्यांना फाट्यावर सोडायला मी निघालो. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. मी शाल काढून हातात घेतली होती. वाटेत बाबांनी विचारलं, "पत्रात तू सांगतलं तेच लिवलं होतं काय?"

मी विचारलं, असं काहून विचारता. ते म्हणाले की मी वाचत असताना ते माझ्या कानांकडे बघत होते. लहानपणी मी खोटं बोललो की माझे कान लाल व्हायचे.

मग मी सगळं सांगितलं. गणित चुकलं हे सांगितलं, कसं चुकलं ते सांगितलं, पेन्सिलीची ओळ खोडली हे सांगितलं. प्रतिद्रव्य वगैरे गाळून सांगितलं तर ते फारच साधं झालं: मी एक हिशेब केला, तो चूक होता, एका माणसानं आधीच दाखवलं होतं, मी ऐकलं नाही, आता मुंबईच्या साहेबांनी तेच लिहून पाठवलं. मला वाटलं आता ते शालीकडे बघतील आणि काही बोलणार नाहीत, आणि तेच मला सगळ्यात जड गेलं असतं.

बाबा थांबले. त्यांनी पत्र मागितलं. वाचता येत नव्हतं तरी दोन्ही पानं उलटसुलट करून पाहिली आणि सही कुठे आहे ते विचारलं. मी दाखवली. मग त्यांनी विचारलं की एवढं दीड पान त्या साहेबानं सगळं तुह्या चुकीवरच लिवलं काय. मी हो म्हणालो.

"आमची चूक काढाले कोनी कागद नाही लिवला रे," ते म्हणाले. "तोंडानंच काढत. चूक नसली तरी काढत. त्या साहेबानं तुवी अकरा पानं वाचली, आन कुठं चुकलं ते बसून लिवलं. हे पत्र सांभाळून ठेव."

मग चालायला लागत ते म्हणाले की गणिताच्या मास्तरांकडे उद्याच जा. एसटी आली. खिडकीत बसल्यावर त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. मला वाटलं काही मोठं सांगतील. त्यांनी दाढी काढून टाकायला सांगितली.

रविवारी सकाळी मी दाढी करून सरांच्या शेतात गेलो. ते बांधावर बसून विळ्याला धार करत होते. माफी कशी मागायची याची मी रस्ताभर तयारी केली होती, त्यात 'वैज्ञानिक दृष्टिकोन' हा शब्द दोनदा येत होता. तिथे गेल्यावर ते सगळं विसरलो आणि म्हणालो की तुमची खूण मी रबरानं खोडली होती.

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "शाळेत तुमच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी पान दिसलं होतं. कागद थोडा झिजलेला होता."

राग आला नाही काय, असं मी विचारलं. त्यांनी विळ्याची धार अंगठ्यानं पाहिली. म्हणाले, "राग कायचा, पन मले झोप नाही आली." माझ्यामुळे नव्हे, गणितामुळे. उत्तर शून्यच यायला पाहिजे असं त्यांना वाटत होतं, पण त्यांनीही ते पूर्ण करून पाहिलं नव्हतं, आणि न करता बोलणं त्यांना पटत नव्हतं. म्हणून प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

मग आम्ही ते पूर्ण केलं. लॉग टेबल बाजूला ठेवून, हातानं, बारा-बारा आकड्यांपर्यंत. तीन रविवार लागले. त्यांच्या गोठ्याच्या ओसरीवर बसायचं, एक वही त्यांची, एक माझी. ते द्रव्य करायचे, मी प्रतिद्रव्य. प्रत्येक पायरीला वह्या अदलाबदल करून तपासायच्या. माझ्या हातचे आकडे ते जितक्या वेळा दुरुस्त करत, तितक्या वेळा मला माझ्या एमएस्सीची आठवण होई आणि मी ती दाबून टाकी. त्यांची आई मधूनमधून येऊन चहा ठेवी. पहिल्या रविवारी तिनं माझा कप वेगळा आणला होता. सरांनी तो कप स्वतःकडे ओढला आणि आपला माझ्यापुढे सरकवला. पुढच्या रविवारी दोन्ही कप एकसारखे आले.

तिसऱ्या रविवारी दुपारी दोन्ही उत्तरं आली. आम्ही वह्या शेजारी ठेवल्या. बाराच्या बारा आकडे सारखे. वजाबाकी शून्य. माझं विश्व गेलं. सरांना मात्र इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. ते उठून ओसरीवर दोन येरझाऱ्या घालून आले आणि म्हणाले, "बराबर शून्य, सर. एक आकडाही इकडचा तिकडे नाही." मला रडू येईल असं वाटत होतं, पण त्यांच्याकडे बघून हसू आलं. खरं म्हणजे ते उत्तर सुंदर होतं. दोन्ही बाजूंना सारखं धरलं तर सारखंच जातं. मग आपण आहोत ते का, हा प्रश्न पुन्हा जागच्या जागी येऊन बसला होता, आणि तो माझ्याकडे असताना दिसत होता त्यापेक्षा मोठा दिसत होता.

मी हेडसरांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं आणि शाल परत देऊ केली. त्यांनी दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं पडलं की सत्कार परत घेण्याची पद्धत नाही, सरपंच नाराज होतील, आणि गावाला विज्ञानाची गोडी लागली आहे तर कशाला ती मोडता. शाल अजून घरात आहे. बायकोनं तिची पुढे गोधडीच्या आतल्या थरात सोय केली.

प्राध्यापकांना आम्ही दोघांच्या सहीनं एका पानाचं पत्र लिहिलं की शून्य आलं. त्यांचं कार्ड आलं, दोन ओळींचं: शाबास, आणि आता नियम वेगळा धरून पाहा. सोबत त्यांनी एका शोधनिबंधाची प्रत पाठवली होती. आम्ही ती वर्षभर वाचली आणि तिसऱ्या पानापलीकडे गेलो नाही. सर म्हणायचे की तिसरं पान समजलं हेही काही कमी नाही. मला कमी वाटायचं. पण त्यांच्या ओसरीवर बसायची सवय लागली होती, ती त्यांची बदली होईपर्यंत मोडली नाही.

दसऱ्याच्या सुटीत धनजला गेलो तर वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी मला घेरलं. बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं. लपवून नाही, उलट सविस्तर: पोरानं अकरा पानं लिवली, पुरी चुकली, आन मुंबईच्या साहेबानं दीड पान लिवून चूक सांगतली. पत्र मी बरोबर नेलं होतं, ते बघायला लोक घरी येऊ लागले. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन समजावलं की नाउमेद नको होऊ, आनखी लिव, आनखी चुक. त्यांना ती एक प्रकारची पदवीच वाटत होती. मी पत्र घरोघर दाखवून आलो. कान लाल झाले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये दहावीचा नवा वर्ग आला. पहिला धडा द्रव्याचा. द्रव्य म्हणजे ज्याला वस्तुमान आहे व जे जागा व्यापते, ही व्याख्या मी दरवर्षी लिहून द्यायचो आणि पुढे जायचो. त्या वर्षी व्याख्या देऊन झाल्यावर मी खडू ठेवला आणि मुलांना सांगितलं की हे द्रव्य मुळात शिल्लक का राहिलं ते कुणाला माहीत नाही. विश्वात न दिसणारं आणखी किती आहे, ते कशाचं आहे, तेही माहीत नाही. मलाही माहीत नाही. मी एकदा शोधायला गेलो होतो तर लॉग टेबलात अडकलो, आणि कसा अडकलो ते फळ्यावर करून दाखवलं. वर्ग खूप हसला. तास फार रंगला, असं मला वाटलं.

शेवटच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब बसले होते. ते पहिल्याच तासाला येतील असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी शेरेबुकात लिहिलं की विज्ञान शिक्षकांची विषयाची तयारी अपुरी आहे, मूलभूत संकल्पनांविषयी ते स्वतःच साशंक दिसतात, त्यांच्याकडून लेखी खुलासा घ्यावा. हेडसर हादरले. मी खुलासा लिहायला बसलो. चार पानं झाली, त्यात दीर्घिका आल्या, प्रतिद्रव्य आलं. ती पानं मी, कुणी न सांगता, आधी गणिताच्या सरांपुढे ठेवली. त्यांनी पेन्सिल काढून चारही पानं आडवी छाटली. खाली शेवटचं एकच वाक्य राहू दिलं: शेरा बरोबर आहे, तयारी चालू आहे. ते मी सही करून दिलं, आणि ते मंजूर झालं.